पाहुणीचं पाणी

"सात रंग घातले होते एजे, आणि छापलाय बघा एकच. या प्रिंटरलाही तुमच्याबरोबरच निरोप द्यायला हवा," असं म्हणत आयचुरोकनं कागद बुरुलच्या टेबलावर ठेवला. बुरुलला प्रयोगशाळेत सगळे एजे, म्हणजे ताई, म्हणत.

शुक्रवारी बुरुल निवृत्त होणार होती. प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात पुलावाची कढई कुठे मांडायची यावरून कधीची हुज्जत चालली होती, आणि आयचुरोकनं निरोपाची भेट म्हणून एजेंच्या शेवटच्या कामाचा आलेख चौकटीत बसवायचं ठरवलं होतं. केन-बुलाक गावातल्या सात विहिरींचं पाणी, सात रेषा, सात रंग. इतकी वर्षं हाताखाली काम केल्यावर माणूस फुलदाणी देत नाही.

बुरुलनं चष्मा लावला. कागदावर नेहमीचे दोन डोंगर होते, डावीकडचा बुटका, उजवीकडचा उंच. दोन्ही निळे. ती कागद घेऊन खिडकीशी गेली. निळ्याच्या कडेला कुठे केसाएवढी लाल किनार दिसत होती, कुठे हिरवी.

"प्रिंटरचा दोष नाही," ती म्हणाली. "सातही रेषा आहेत. एकीवर एक बसल्यात."

"मग बरंच की. सगळं पाणी सारखं, सगळं स्वच्छ. शेवटचा अहवाल इतका गोड निघाला, आणि तुमचं तोंड का असं आंबट?"

अहवाल कालच बुरुलच्या सहीनं गेला होता. केन-बुलाकला पूर्वी युरेनियमची खाण होती. सोव्हिएत राज्य गेलं तशी खाण बंद पडली, कामगार पांगले, ज्यांना जायला ठिकाण नव्हतं ते तिथेच राहिले आणि अंगणात विहिरी खणून पाणी पिऊ लागले. आता कुठे पाणीखात्याकडे एका गावापुरत्या नळाचे पैसे आले होते. केन-बुलाकचं पाणी वाईट असेल तर नळ केन-बुलाकला, नाही तर खाली दरीतल्या एका गावाला, तिथल्या जर्दाळूच्या बागांसाठी. बुरुलच्या अहवालात लिहिलं होतं की पाणी चांगलं आहे. आकडे सुरक्षित हद्दीच्या खूप खाली होते, त्यामुळे सातही आलेख एका कागदावर काढून बघायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

आलेखातले दोन डोंगर म्हणजे दोन तऱ्हेचं युरेनियम. एक थोरलं, पृथ्वीएवढं जुनं. दुसरं धाकटं, त्याच्याच वंशातलं, जरा हलकं. पाणी दगडातून झिरपताना धाकट्याला जास्त उचलतं आणि थोरल्याला कमी. किती जास्त, ते त्या दगडावर आणि पाण्याच्या वाटेवर अवलंबून. ऐन विशीत लेनिनग्राडला शिकायला गेलेल्या बुरुलला हे तिच्या गुरू येव्गेनिया ल्वोव्हना यांनी सांगितलं, तेव्हा ते तिला पटवून द्यावं लागलं नव्हतं. नारिनच्या कुरणांवर तिच्या बापाचे घोडे होते, आणि प्रत्येकाच्या मांडीवर घराण्याची डागलेली खूण होती. वादळात दहा कळप एकमेकांत मिसळले तरी बाप ती खूण बघून आपले घोडे वेगळे काढायचा. पाण्यालाही अशी खूण असते म्हणजे काय, तर असणारच, असं तिला वाटलं होतं.

दुसरी एक गोष्ट मात्र तिला आजतागायत पचली नव्हती. पहिल्याच आठवड्यात येव्गेनिया ल्वोव्हनांनी तिला मोजणीयंत्रासमोर बसवलं. कोटाच्या गुंडीएवढी पोलादी चकती, तिच्यावर डोळ्यांना दिसणारही नाही इतका युरेनियमचा थर. पडदा बराच वेळ काळा होता. मग एक ठिपका उमटला.

"हे काय होतं?" बुरुलनं विचारलं.

"एक अणू फुटला. पृथ्वी झाली त्याच्याही आधीपासून तो वाट बघत होता, आणि नेमका तू बघत असताना फुटला. ऊठ, उभी राहा."

म्हातारी थट्टा करत नव्हती. ती स्वतः उभी राहिली होती, मयताला उभं राहतात तशी. तेव्हापासून बुरुल प्रत्येक नमुन्याच्या पहिल्या ठिपक्याला उभी राहत आली. नद्यांचे नमुने झाले, सरोवराचे झाले, मेंढ्यांच्या हाडांचे आणि गवताच्या राखेचे झाले. मधल्या काळात लग्न झालं, दोन मुलगे झाले, देशाचं नाव बदललं, पगार थांबले आणि पुन्हा सुरू झाले. गुडघे कुरकुरू लागले तरी ती उभी राहायची. आयचुरोक सुरुवातीला तोंड लपवून हसायची, आता तीही उभी राहायची. या सगळ्या वर्षांत बुरुलनं दिलेला एकही आकडा मागे घेतला नव्हता. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

"सात विहिरी," ती आता म्हणाली. "एक खाणीच्या तोंडाशी, एक नदीकाठी, एक पार वर शाळेमागे. सगळ्यांची एकच खूण कशी? काहीतरी आपलंच चुकलंय. आम्ल बघ. चकत्या अदलाबदल झाल्यात का बघ."

आयचुरोकला राग आला. पण तिनं तो गिळला आणि सगळं पुन्हा तपासलं. आम्ल शुद्ध होतं. चकत्या जागच्या जागी होत्या. नुसतं शुद्ध पाणी घालून केलेला कोरा नमुना कोराच निघाला.

"आता काय पाण्यावर संशय घेणार?" ती म्हणाली. "बाटल्या तुमच्या डोळ्यांदेखत भरल्या ना?"

बाटल्या बुरुलच्या डोळ्यांदेखत भरल्या नव्हत्या. नमुना आपल्या हातानं भरायचा, हा तिचा आयुष्यभराचा नियम होता. पण मे महिन्यात केन-बुलाकला गेल्या गेल्या गावातल्या वडीलधाऱ्या उल्कान आपांनी तिच्या हातातून पिशवी काढून घेतली होती. पाहुणी बाटल्या घेऊन दारोदार फिरली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील, म्हणाल्या. तिला घरात, दारासमोरच्या भिंतीशी मानाच्या जागी बसवलं, पुढ्यात पाव, कायमाकची दाट साय, तळलेले पिठाचे बोरसोक, आणि चहा अर्ध्या अर्ध्या वाडग्यानं, म्हणजे पाहुणीनं पुन्हा पुन्हा मागावा. बाटल्या घेऊन सात घरच्या बायका गेल्या. त्या खूप उशिरानं आल्या, गाल लाल झालेले, धापा टाकत. बाटल्या हाताला गार लागल्या होत्या. किती थंड विहिरी आहेत, असंही तिच्या मनात आलं होतं.

"बुटांवर बर्फ होतं," बुरुल म्हणाली.

"कुणाच्या?"

"उल्कान आपांच्या सुनेच्या. अंगणातल्या विहिरीवर जाऊन आलेल्या बाईच्या बुटांवर मे महिन्यात बर्फ कुठून आलं, हे मी विचारलंच नाही. मी कायमाक खात होते."

आयचुरोक हळूच खुर्चीत टेकली. तिला फोड करून सांगावं लागलं नाही. तिच्या आजोळीही हेच केलं असतं.

"घरचं पाणी पाहुणीला कसं द्यायचं म्हणून…"

"म्हणून वरच्या झऱ्याचं आणलं. बर्फाच्या रेषेपाशी कुठेतरी असेल. सातही घरांनी."

"एवढा डोंगर चढून? आपल्या यंत्रासाठी?"

दोघींना हसू आलं, आणि मग दोघींचंही हसू मावळलं. आपल्यासाठी कुणी इतकं केलं होतं, आणि नेमक्या त्यामुळेच त्यांचा नळ जाणार होता. बुरुलनं तो कागद पुन्हा उजेडात धरला. एकीवर एक बसलेल्या त्या रेषांत सात बायकांची चढण होती.

पाणीखात्यातल्या कुबातला तिनं लगेच फोन लावला.

"बुरुल असानोव्ना, पाणी स्वच्छ आहे असं तुम्हीच लिहिलंत," तो म्हणाला. "खाली सहीसुद्धा तुमचीच."

"पाणी स्वच्छच आहे. फक्त ते त्या विहिरींचं नाही. मला पाहुण्यांचं पाणी दिलं त्यांनी."

पलीकडे कुबात हसला. "माझी आईही हेच करेल. पण बैठकीत हे कसं सांगू? आणि एक सांगू का, रागावू नका. जाता जाता आकडा मागे घेतलात तर लोक म्हणतील, म्हातारीला भ्रम झाला."

"म्हणू देत."

"आठवडाभर बैठक पुढे ढकलतो. त्यापुढे माझ्या हातात काही नाही."

तिला घेऊन पुन्हा केन-बुलाकला निघाला तो सागिन, प्रयोगशाळेचा ड्रायव्हर. घाटात त्याची जीभ गाडीपेक्षा जास्त चालते. "शुक्रवारी कढई चढणार आणि सत्कारमूर्ती डोंगरात," तो म्हणाला. "काही हरकत नाही एजे. तुमचा फोटो समोर ठेवून आम्हीच जेवू."

"मेलेल्या माणसासारखा?"

"तोबा तोबा. हसरा फोटो ठेवू."

गाडी पोचली तेव्हा उल्कान आपा दारातच उभ्या होत्या. ऐंशीच्या घरातली बाई, पण पाठ ताठ. "आलीस का लेकी? आमचं पाणी गोड लागलं वाटतं तुझ्या यंत्राला," त्या म्हणाल्या आणि मानाच्या जागेकडे हात केला. "वर बस."

बुरुल दाराजवळ बसली, जिथे घरातल्या सुना बसतात तिथे.

"ती काय जागा आहे तुझी? वर ये."

"नाही आपा. आज मी पाहुणी म्हणून आले नाही. तुम्ही मागे दिलंत ते पाणी वरच्या झऱ्याचं होतं."

आपांचा चेहरा पडला. सून चुलीपाशी होती, तिच्याकडे त्यांनी एकदा बघितलं. "हिनं सांगितलं ना? हिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही."

"मी कुणाला सांगितलं?" सून पुटपुटली.

"कुणीही सांगितलं नाही," बुरुल म्हणाली. "पाण्यानंच सांगितलं. सातही बाटल्या एकाच झऱ्याच्या आहेत म्हणून."

आपांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले, प्रार्थनेनंतर फिरवतात तसे. "आमची नावंही सांगितली का त्यानं?" त्यांनी विचारलं, आणि त्या थट्टा करत नव्हत्या.

"नाही. फक्त कुठून आलं तेवढंच सांगतं ते."

"आम्ही तुला फसवलं नाही, लेकी. विहिरीचं पाणी जड आहे, चहावर तवंग येतो. आम्हाला चालतं. पण पाहुण्याला, बाळंतिणीला आणि जाणाऱ्या माणसाला वरचंच पाणी द्यायचं, हे माझ्या सासूनं घालून दिलंय. माझ्या म्हाताऱ्याला शेवटी शेवटी मीच आणून पाजायचे. त्याला नको असायचं. म्हणायचा, माझ्या विहिरीचं दे, मी खणलीय. खाण बंद झाली तेव्हा गावातले बाप्ये नुसते पिऊन पडायचे. ह्यानं पहार घेतली आणि खणत सुटला. खाणीतला माणूस, दुसरं येत काय होतं त्याला? पाणी लागलं तेव्हा लहान पोरासारखा रडला."

बुरुल ज्यासाठी आली होती ते तिनं मागितलं. "आपा, मला त्याच विहिरीचं पाणी हवंय. नातवंडं रोज पितात ते."

"ते मी पाहुण्याच्या हातात देणार नाही."

बुरुल उठली. चुलीवरची किटली तिनं सुनेच्या हातातून घेतली, अर्धा वाडगा चहा ओतला, डावा हात छातीवर ठेवून उजव्या हातानं आपांपुढे धरला. प्रबंध लिहिलेल्या, दोन देशांची पदकं मिळालेल्या बाईला गुडघे वाकवताना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"मग मला सून समजा," ती म्हणाली. "सुनेला कुठल्या विहिरीचं भरावं लागतं?"

आपा तिच्याकडे बघत राहिल्या. वाडगा त्यांनी घेतला. "अडुसष्ट वर्षांची सून," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाचं नशीब बघा." मग त्यांनी डोळे पुसले आणि कोपऱ्यातली बादली तिच्याकडे सरकवली.

विहीर घराच्या मागे होती, दगडांनी नीट बांधलेली. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. वासही नाही, रंगही नाही. बुरुलला दर वेळी याचंच भय वाटायचं, आणि याचंच नवल. सागिननं बादली ओढली, तिनं बाटली आपल्या हातानं भरली, आम्लाचे थेंब घातले. सातही विहिरींवर ती स्वतः गेली. प्रत्येक दारात पाव पुढे आला, तो न चाखता उंबरा ओलांडता येत नाही, म्हणून प्रत्येक दारात तिनं उभ्या उभ्या तुकडा मोडून तोंडात टाकला, पण बसली कुठेच नाही.

बाटल्या वेळेत परत आल्या, पाण्याच्या चकत्या तयार झाल्या, आणि शुक्रवारी अंगणात कढई चढली. गाजर आणि मटणाचा वास खालपर्यंत येत होता, वर कुणीतरी गाणं लावलं होतं. बुरुल आणि आयचुरोक तळघरात यंत्रासमोर होत्या. पहिली चकती आपांच्या विहिरीची होती.

एरवी पहिल्या ठिपक्याची वाट बघावी लागायची. आज यंत्र सुरू होतं न होतं तोच ठिपका उमटला. बुरुल टेबलाला धरून उठली, आणि ती पुरती उभी राहायच्या आतच दुसरा आला, तिसरा आला, मग मोजता येईनात. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे ते येत राहिले. एकेक ठिपका म्हणजे एकेक अणू, प्रत्येकाची आपापली संपलेली वाट. इतक्या वर्षांत तिनं पिण्याच्या पाण्यात असं कधी बघितलं नव्हतं. तिला वाईट वाटत होतं, भीती वाटत होती, आणि तरीही समोर जे चाललं होतं त्यापुढे मान झुकत होती. असल्या वेळी असं वाटावं याची तिला लाज वाटली नाही.

"एजे, बसा," आयचुरोक हळूच म्हणाली.

"कशी बसू? ते थांबतच नाहीयेत."

वरून दोनदा बोलावणं आलं. सत्कारमूर्ती शेवटी वर गेल्या तेव्हा पुलाव गार झाला होता, आणि भाषणं करणाऱ्यांची भाषणं एकमेकांना करून झाली होती. सातही चकत्या मोजून झाल्यावर आयचुरोकनं नवा कागद छापला. या वेळी सात रंग सात जागी होते. सातपैकी पाच विहिरी हद्दीच्या वर होत्या, आणि सगळ्यांत वर आपांची. बुरुलनं जुना आकडा मागे घेतल्याचं आपल्या हातानं लिहिलं, खाली सही केली, आणि मगच निवृत्त झाली.

नळ केन-बुलाकला मिळाला. चर खणून होईपर्यंत रोज टँकर जाऊ लागला. विहिरींच्या निकालाची चिठ्ठी गावाला गेलीच होती, पण आपांना हे चिठ्ठीनं कळावं हे बुरुलला बरं वाटेना. ऑगस्टमध्ये ती सागिनच्या स्वतःच्या गाडीतून गेली. आता तिच्याकडे ना पिशवी होती ना बाटल्या.

आपा मागच्या अंगणात होत्या. दोघी पायरीवर टेकल्या, आणि आपांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "विहिरीनंच नेलं का त्याला?"

"ते मला सांगता येत नाही आपा. खाणीतली धूळही होती, दारूही असेल. पाण्यात काय आहे ते माझं यंत्र सांगतं. माणूस कशानं गेला ते त्याला कळत नाही, आणि जे मला माहीत नाही ते मी बोलणार नाही."

"खणली तेव्हा त्याला ठाऊक होतं का?"

"नाही. कुणालाच नव्हतं."

"मग ठीक," आपा म्हणाल्या.

विहिरीवर नव्या फळ्या ठोकलेल्या होत्या. आपांनी त्यांच्यावरची माती हातानं झाडली. मग त्या घरात गेल्या आणि खांद्यावर गुंडाळी घेऊन आल्या. ते त्यांच्या लग्नातलं शिर्डाक होतं, लाल-काळ्या नक्षीचं जाड लोकरी नमद्याचं बैठकीचं आसन. ते फक्त मानाच्या पाहुण्यासाठी पेटीतून निघायचं. बुरुलला वाटलं, आपल्यासाठीच आणलं. पण आपांनी ते विहिरीच्या फळ्यांवर पसरलं, चारी कोपरे नीट ओढले, सुरकुत्या तळव्यानं सपाट केल्या.

बुरुल उभी राहिली होती. आपण कधी उठून उभं राहिलो ते तिचं तिलाच कळलं नाही.

सून चहा घेऊन आली. वरच्या झऱ्याचं पाणी आहे, म्हणाली. आपा विहिरीच्या कडेला उघड्या जमिनीवर बसल्या आणि त्यांनी बुरुलला हात धरून शेजारी बसवलं. अर्धा अर्धा वाडगा करत दोघींनी किटली संपवली. शिर्डाकावर कुणीच बसलं नाही.